खुब्याच्या वाटीचे फ्रॅक्चर : नव्या निवासी डॉक्टरांसाठी
अपघातातील रुग्ण स्थिर झाल्यावर, खुबा मागे निखळलेला असेल तर सांधा बसवण्यापूर्वी आणि नंतरही त्याला पाऊल वर उचलायला सांगा व सायटिक नस (खुब्यामागून पायात उतरणारी मोठी नस) काम करते का याची नोंद वेळेसह लिहा. ती ओळ राहिली की नस नेमकी कधी दुखावली हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. सांधा शक्यतो ६ तासांत बसवावा. मग ४५ अंशांच्या दोन्ही जुदे फिल्म (खुब्याचे तिरपे एक्स-रे) आणि सीटी करा, कारण सांध्यात अडकलेला हाडाचा बारीक तुकडा साध्या एक्स-रेत सहज निसटतो. लेतुर्नेलच्या वर्गीकरणातले या फ्रॅक्चरचे १० प्रकार पाठ करण्यापेक्षा (मीही तेच केले होते) एक्स-रेवर दिसणाऱ्या वाटीच्या हाडाच्या ६ रेषा बोटाने गिरवा. शस्त्रक्रिया लागणार असेल तर २ आठवड्यांपलीकडे रेंगाळू नका. तुकडे जुळेनासे होतात.