पाणबुडीला दोर नसतो, मग जहाज कशासाठी?

प्रश्न : आमच्याकडे सहाशे फुटांच्या बोअरमध्ये पाणबुडी मोटर सोडताना तिला पाइप, केबल आणि दोर असे तिन्ही लावतो, तरीही ती अडकली की दोन-दोन दिवस जातात. माणसे घेऊन खोल समुद्रात जाणारी पाणबुडी मात्र दोराशिवाय उतरते, असे वाचले. तसे असेल, तर तिच्यासोबत एवढे मोठे जहाज कशासाठी लागते?
– एक शेतकरी वाचक, केज तालुका, जि. बीड

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. अमेरिकेची ‘अल्विन’ ही संशोधन-पाणबुडी आता ६,५०० मीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्या बोअरसारखे पस्तीस बोअर एकाखाली एक धरावेत, एवढी ही खोली झाली. इतका लांब दोर बांधला तर त्याचेच वजन आणि त्यावर बसणारी प्रवाहाची ओढ पाणबुडीला तळाशी मोकळेपणाने फिरू देणार नाही. त्यामुळे ती पोलादी वजने घेऊन बुडते, तळाजवळ त्यांतली काही सोडून अधांतरी राहते आणि उरलेली टाकून दिली की वर येऊ लागते.

दोर लागतो तो फक्त सुरुवातीला आणि शेवटी, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत अवघड भागही तोच आहे. बोअरवर तीन पायांचा लोखंडी घोडा उभा करून चेन कप्पीवर मोटर तोलून धरतो तेव्हा आपली जमीन तरी स्थिर असते. तिथे वीस टनांच्या आसपासचे वजन हलत्या जहाजावरून हलत्या पाण्यात ठेवायचे असते. ‘अल्विन’ला नेणारे ‘अटलांटिस’ हे सुमारे ८३ मीटर लांबीचे जहाज अमेरिकी नौदलाच्या मालकीचे असून वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्था ते १९९७ पासून चालवते. त्याच्या मागच्या टोकाला इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची भक्कम कमान आहे. ती पाणबुडीला उचलून पाण्यावर धरते आणि सोबतचे पोहणारे कर्मचारी दोर सोडवतात.

यात चूक झाली तर काय होते, हे १९६८ साली दिसले. तेव्हा जुन्या तराफ्यांपासून बनवलेले ‘लुलू’ हे जहाज ‘अल्विन’ला नेत असे. पाणबुडी उतरवतानाच पोलादी दोर तुटले. आतले तिघे कसेबसे बाहेर पडले आणि झाकण उघडे असलेली पाणबुडी सुमारे १,५०० मीटर खोल गेली. पुढच्या वर्षी ती बाहेर काढली तेव्हा त्या तिघांची शिदोरी आतच होती. सँडविच भिजलेले होते, पण नासलेले नव्हते! खोल समुद्रात जिवाणूंचे काम किती संथ चालते, याचा अभ्यास त्या शिदोरीमुळे सुरू झाला.

पाणबुडी खाली गेल्यावरही जहाजाला उसंत नसते. पाण्यात रेडिओलहरी पोहोचत नाहीत, म्हणून बोलणे आणि ठिकाण शोधणे ही दोन्ही कामे ध्वनीवर चालतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणजे ६,००० मीटरवरून आलेला शब्द वर ऐकू यायला चार सेकंद लागतात आणि उत्तर परत जायला आणखी चार. तोवर वारा आणि प्रवाह जहाजाला ढकलत असतात. नांगर टाकण्याइतकी उथळ जागा नसल्याने संगणकाच्या आज्ञेवर चालणारे पंखे त्याला जागेवर धरून ठेवतात. संध्याकाळी पाणबुडी जहाजावर आली की रात्री ध्वनिलहरींनी तळाचा नकाशा काढला जातो आणि दुसऱ्या दिवशी कुठे उतरायचे ते त्यावरून ठरते.

प्रश्न : भारताकडे असे जहाज आहे का?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘सागरनिधी’ हे सुमारे १०४ मीटर लांबीचे जहाजही नांगराशिवाय एका जागी थांबू शकते. तिघांना ६,००० मीटरपर्यंत नेण्यासाठी ही संस्था ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तयार करीत असून, २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात तिच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. खोल मोहिमेसाठी ठरलेल्या तिच्या, माणसे बसण्याच्या टायटॅनियमच्या गोलाचा आतला व्यास २.१ मीटर, म्हणजे सात फुटांहूनही थोडा कमी आहे. एरवी बारा तास आणि संकटात ९६ तास तिघांनी एवढ्याच जागेत राहायचे आहे.