कुजबुज विरते कधी?

प्रश्न : मी सहकारी बँकेच्या शाखेत रोखपाल आहे. दीड महिन्यापूर्वी संध्याकाळी कॅश जुळवताना ५,००० रुपये कमी आले. मी ते पदरचे भरले. दुसऱ्या दिवशी एक खातेदार जादा गेलेले पैसे घेऊन आला आणि हिशेब मिटला. पण 'पैसे हिनेच उचलले होते, अंगाशी आल्यावर परत केले' अशी कुजबुज शाखेत चालू आहे. ती जिने सुरू केली तिच्याशी मी बोलणं टाकलं आहे. हे आपोआप थांबेल का?

उत्तर : थांबेल, पण दिवस मोजत बसण्यापेक्षा ती कशावर जगते ते पाहा. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये मांडलं की अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो : ऐकणाऱ्याला विषय किती महत्त्वाचा वाटतो आणि त्यात किती संदिग्धता आहे. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्यावर आली की सगळंच शून्य. बँकेत पैशाचं महत्त्व कमी होणार नाही. संदिग्धता मात्र घालवता येते. रक्कम कमी आल्याचं सगळ्यांनी पाहिलं, ती परत कशी आली हे बहुधा तुम्हाला आणि शाखाधिकाऱ्यांनाच नेमकं ठाऊक आहे. मधली जागा ज्याने त्याने आपापल्या परीने भरली.

म्हणून शाखाधिकाऱ्यांना एक पानाचं पत्र द्या. तुटीची तारीख, तुम्ही भरलेली रक्कम, खातेदाराने पैसे परत केल्याची नोंद, एवढंच त्यात असू द्या. आरोप किंवा कुणाचं नाव नको. पोच घेतलेली प्रत जपून ठेवा, कारण तपासणी आली की हा विषय पुन्हा निघतो. मग शाखेच्या बैठकीत ही हकिकत दोन वाक्यांत सांगण्याची विनंती त्यांना करा. ती त्यांच्याच तोंडून यायला हवी. तुम्ही टेबलाटेबलाशी जाऊन खुलासा केलात तर ज्याच्या कानावर काही आलं नव्हतं त्यालाही ते कळेल, आणि तुमचा खुलासाच नवी बातमी होईल. व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर एक ओळही लिहू नका; तिथलं महिन्यांनीही वर काढलं जातं.

खरी काळजी अबोल्याची वाटते. कुजबुज मार्चअखेरच्या धावपळीत किंवा एखाद्या बदलीच्या बातमीत मागे पडते. अबोला मात्र रोज सगळ्यांना दिसतो, आणि 'या दोघी का बोलत नाहीत?' या प्रश्नाला जुनी गोष्टच उत्तर म्हणून सांगितली जाते. तेव्हा आधी कामापुरतं बोलणं सुरू करा : किल्ल्या, नोटांची मोजणी, चलन. आठवडाभराने एकांतात एवढंच म्हणा, "त्या रकमेबद्दल काही शंका असेल तर मला विचारा, नोंद साहेबांकडे आहे." कुणाकडून कळलं ते सांगू नका. माफीही मागू नका, मागायलाही लावू नका. माफीच्या हट्टापायी मिटत आलेली भांडणं पुन्हा पेटतात.

प्रश्न : माझ्या आणि साहेबांच्या संबंधांबद्दल ऑफिसात अश्लील बोललं जातं. हेही विरण्याची वाट पाहायची का?

उत्तर : नाही. लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात येते. शेवटच्या प्रसंगापासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर कार्यालयात अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तक्रारीच्या ६ प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्या. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायची असते आणि तुमचं नाव जाहीर करायला कायद्याने मनाई आहे. आजपासूनच तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण हजर होतं हे वहीत लिहीत जा.