रोज संध्याकाळी गळून जाता? आधी रक्त तपासून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की कल्याण-दादर प्रवास, ऑफिस, घर हे सगळं उरकून संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. लवकर झोपून पाहिलं, योगासनंही केली, फरक नाही. तर दिवसभर ताकद टिकवायची कशी? तुमचा प्रश्न वाचून मला माझीच दोन वर्षं आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बदलापूरहून सीएसएमटीला जाते, 68 किलोमीटर. तेव्हा वय 36. स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना मला मध्येच कठडा धरून थांबावं लागायचं. घरचे म्हणायचे, धावपळ फार होते तुझी. मलाही तेच वाटायचं, आणि मी आणखी एक चहा घ्यायचे.

खरी खूण ओळखली सासूबाईंनी. तांदूळ निवडायला बसले की मी चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायचे. चिमटीची मूठ झाली, पुढे तर पर्समध्ये डबी भरून न्यायला लागले. एक दिवस त्यांनी सूप माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "रक्त कमी असलं की असं खावंसं वाटतं गं. उद्याच्या उद्या दाखवून ये." हिमोग्लोबिन 8.4 निघालं. बायकांचं 12 च्या खाली गेलं की कमी धरतात. फेरिटिन, म्हणजे अंगात साठवलेल्या लोहाचा अंदाज देणारी तपासणी, तीही अगदी तळाला होती. रक्तातून प्राणवायूच पुरेसा पोचत नसेल तर योगासनं तरी काय करणार?

हे माझ्या एकटीचं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायकांत रक्तक्षय आढळला होता. तरी आपण त्याला दगदग म्हणतो. घरातल्या बाईचा थकवा कुणाला दिसत नाही, कारण ती पडून राहत नाही. ओट्यापाशी उभीच असते.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला. माझ्या अंगावरून जास्त जायचं, आणि "बायकांचं असतंच" म्हणून मी ते कधी बोललेच नव्हते. त्यावर वेगळे उपचार झाले. दुसरा प्रश्न चहाचा. डबा संपला की लगेच कटिंग, ही आमच्या ऑफिसची रीत. चहातली टॅनिनं जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत. म्हणजे मेथी, मटकी सगळं खाऊनही मी वरून चहा ओतत होते. आता जेवण आणि चहा यांत तासभर जाऊ देते, उसळीवर लिंबू पिळते. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा घेतल्या. पोट थोडं बिघडलं, शौचाला काळं झालं. त्याला घाबरून गोळ्या सोडू नका, डॉक्टरांना सांगा. चार महिन्यांत 12.1 झालं. त्यानंतरही साठा भरेपर्यंत आणखी तीन महिने गोळ्या चालू होत्या. कच्च्या तांदळाची ओढ मात्र पहिल्या काही आठवड्यांतच गेली, मला कळलंसुद्धा नाही.

रक्त सुधारल्यावर बाकीच्या गोष्टींचा उपयोग व्हायला लागला. साडेपाचचा चहा सोडला, कारण त्यातलं निम्मं कॅफिन रात्री साडेदहा-अकरापर्यंत अंगात असतं, आणि झोप लागली तरी गाढ लागत नाही. घरी आल्यावर वीस मिनिटं आडवी होते. कुकर नवरा लावतो, कणीक मुलगा भिजवतो. सुरुवातीला पातळ व्हायची, आम्ही तशाच पोळ्या खाल्ल्या.

तुमचं कारण वेगळंही असू शकतं. थायरॉईड, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, साखर यांनीही असंच गळून जायला होतं, म्हणून गोळ्या मनाने सुरू करू नका. आधी डॉक्टरांना भेटा, सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी तपासणी, तिच्याबरोबर फेरिटिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि बी-12 करायचं का ते विचारा. पाळी किती दिवस असते, किती जातं, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. नुसत्या सीबीसीसाठी उपाशी राहावं लागत नाही. ऑफिसला जाताना वाटेतल्या लॅबमध्येही रक्त देता येईल.