भरतावर उगाच आळ

प्रश्न : मॅडम, मी 24 वर्षांचा आहे. गाव रावेर तालुक्यात, नोकरी पुण्यात. सिगारेट सुटावी म्हणून आठ महिन्यांपूर्वी वेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतला. हल्ली छातीत जळजळ होते, ढेकरा येतात, पोट फुगून बसतं. सकाळी उठल्या उठल्या मळमळतं आणि वेपचे चार झुरके मारले की दहा मिनिटांत संडासकडे पळावं लागतं. डिसेंबरात घरी आलो तेव्हा मळ्यात भरीत पार्टी झाली. त्या रात्री तर छातीत आग पडली. तेव्हापासून आईने माझा ठेचा बंद केलाय. पुण्यात मेसचा वरणभात खातो, तरी जळजळ आहेच. मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूल आणतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मित्र म्हणतो, वाफ फुफ्फुसात जाते, पोटाचा काय संबंध? निकोटिन नसलेला वेप घेतला तर चालेल का? नाव छापू नका, आई हे मासिक वाचते.

उत्तर : तुझ्याएवढा माझा मुलगा आहे, म्हणून अरे-तुरे करते. तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू सहज लिहून गेलास : ‘मेसचा वरणभात खातो, तरी जळजळ आहेच.’ मग भरताला कशाला फाशी देतोस? आठ महिन्यांत तू भरीत किती वेळा खाल्लंस आणि वेप किती वेळा ओढलास, हा हिशेब कर.

आधी माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा दवाखान्यात यायचा. ‘मॅडम, पोटमा आग पडस.’ मी विचारलं, तंबाखू? नाही. सिगारेट? नाही. गुटखा? नाही. पोरगा खोटं बोलत नव्हता. मी पित्ताच्या गोळ्या लिहिल्या, तिखट बंद केलं, चहा बंद केला. तीन महिने हेच चाललं. एकदा तपासायला टेबलावर झोपवलं, तर त्याच्या खिशातून निळी चपटी डबी फरशीवर पडली. मला वाटलं पेनड्राइव्ह. मीच उचलून हातात दिला. आंब्याचा गोड वास आला तेव्हा ट्यूब पेटली. तेव्हापासून मी ‘व्यसन आहे का’ असं विचारत नाही, ‘तोंडाला काय काय लावतोस’ असं विचारते.

आता तुझ्या मित्राचं. वाफ फुफ्फुसात जाते हे खरं, पण तिथे मुक्कामाला राहत नाही. निकोटिन काही सेकंदांत रक्तात उतरतं आणि रक्त तर अंगभर फिरतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची झडप असते. तुमच्या विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना, चढलेलं पाणी परत खाली येऊ न देणारा, तसंच तिचं काम, फक्त दिशा उलटी. ही झडप जठरातलं आम्ल वर येऊ देत नाही. निकोटिनने ती सैल पडते. आम्ल वर चढतं आणि छातीत जळतं. त्यात वेपने तोंड कोरडं पडतं, कारण त्या द्रवातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन दोन्ही पाणी ओढून घेणारे पदार्थ. वर आलेलं आम्ल धुऊन काढायला लाळ लागते, तीच कमी. म्हणून जळजळ लवकर शमत नाही.

मळमळीचं कारण मेंदूत आहे. उलटीची सूचना देणाऱ्या भागावर निकोटिन थेट काम करतं, आणि सकाळी उपाशीपोटी ते जास्त जाणवतं. ढेकरा नि फुगवटा बराचसा गिळलेल्या हवेचा. झुरक्यागणिक थोडी हवा पोटात जाते, शिवाय तोंडात-घशात बसलेला अंश लाळेबरोबर खाली उतरतो.

संडासला पळण्याचं तर तुला नवल वाटायलाच नको. ‘बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणणारे आजोबा खान्देशात गल्लोगल्ली आहेत. ते बरोबरच बोलतात. निकोटिन मोठ्या आतड्याला ढकलतं. आजोबांची बिडी आणि तुझा आंब्याच्या वासाचा वेप, आतड्याला दोन्ही सारखेच.

फरक एकच, आणि तो तुझ्या विरुद्ध जातो. सिगारेट संपते. बोटाला चटका बसतो, थोटूक फेकावं लागतं, बाहेर जावं लागतं. वेपला शेवट नाही. अंथरुणात, बाथरूममध्ये, लॅपटॉपसमोर, दोन झुरके इथे, तीन तिथे. शिवाय हल्लीच्या बऱ्याच वेपमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात असतं. ते घशाला खवखवत नाही, त्यामुळे किती घेतलं ते कळतच नाही. पत्रात तू किती झुरके ओढतोस ते लिहिलेलं नाहीस. मला वाटतं तू मोजलेच नसशील.

बिननिकोटिनचा चालेल का? नाही. पहिली गोष्ट, भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळ्यावर बंदी आहे. निकोटिन नसलं तरी ती त्या कायद्यात येते. म्हणजे तुला जे मिळतं ते चोरून आलेलं. डबीवर ‘शून्य’ छापलंय म्हणून आत शून्यच असेल, हे तपासलं कोणी? दुसरी गोष्ट, 2021 मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशींवर वेपची वाफ तपासली. निकोटिन नसतानाही आतड्याच्या अस्तरातले सांधे सैल झाले आणि सूज आली. विकणारे सांगतात, ग्लिसरीन केकमध्येही असतं. असतं ना. केक आपण खातो, तापवून छातीत ओढत नाही.

तर आता कर काय. आईने ठेचा बंद केला, तू वेप बंद कर. दोन आठवडे. एका वहीत रोज लिही : जळजळ कधी, काय खाल्लं होतं, किती वाजता झोपलास. मात्र वेप सोडून सिगारेटवर परत गेलास तर झडप तेवढीच सैल राहील. तलफ आवरत नसेल तर 2 मिलिग्रॅमचं निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतं. ते च्युइंगमसारखं चघळायचं नसतं. चार-सहा वेळा चावायचं, चव लागली की गालात दाबून ठेवायचं. भराभर चावून रस गिळलास तर उचकी लागेल, पुन्हा जळजळ होईल, आणि मग मला शिव्या देशील. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन 1800-11-2356 आहे, तिथे वेपबद्दलही बिनदिक्कत बोल.

सोडल्यावर उलटं होईल, पोट धरेल. आतड्याला ढकलणारा गेला की काही दिवस बद्धकोष्ठ होतो. घाबरून पुन्हा वेपला हात लावू नकोस. पाणी वाढव, कळण्याची भाकरी खा, आणि रावेरच्या माणसाला केळी खा म्हणून मी काय सांगू!

कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, जळजळ झाल्यावर नव्हे. पण दोन आठवड्यांपुढे स्वतःच्या मनाने नको. शौच डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं, घास अडकायला लागला किंवा वजन उतरलं तर थेट डॉक्टरकडे जा. छातीतली कळ हातात-जबड्यात गेली, घाम फुटला, तर आधी ईसीजी. आणि उलट्या-पोटदुखीबरोबर ताप, खोकला, दम लागला तर डॉक्टरांना वेपचं पहिल्या वाक्यात सांग. 2019 मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुफ्फुसं निकामी होण्याची साथ आली होती, त्यातल्या पुष्कळ रुग्णांना पोटाच्याही तक्रारी होत्या.

भरीत अगदीच निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. काड्यांवर भाजलेली वांगी, लसूण, हिरवी मिरची, वर तेलाची धार, हे सगळं रात्री अकराला खाऊन साडेअकराला मळ्यातल्या खाटेवर आडवं झालं, तर धडधाकट माणसालाही जळजळतं. पुढच्या खेपेला आठला जेवा, मग तीन तास गप्पा हाणा. आणि त्या खाटेवर तू आडवा पडून वेप ओढला होतास की नाही, ते तुझं तुला ठाऊक.

नाव छापलेलं नाही. तरी ‘मुलगा पुण्यात, डिसेंबरात भरीत, घरी ठेचा बंद’ एवढ्यावरून रावेर तालुक्यातल्या बऱ्याच आया आज पोराच्या पँटचे खिसे चाचपतील. त्याला माझा इलाज नाही.