चार शाखांचा आराखडा घेऊन आलेल्या संशोधक मुलीस

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. गणित, अभियांत्रिकी, वैद्यक आणि आंतरराष्ट्रीय संबंध, चारही एकाच प्रबंधात आणायचे असं तू ठरवलंस. जिज्ञासा मोठी आहे, ती टिकव. पण ‘सिद्ध झालं’ या दोन शब्दांचा अर्थ चारही शाखांत वेगळा आहे, याचा विचार आराखड्यात कुठेच दिसला नाही. एका शाखेचा पुरावा दुसरीच्या मापाने मोजला की तीन वर्षांची मेहनत परीक्षकाच्या एका प्रश्नात कोसळते. म्हणून एक शाखा घरची धर, एक मदतीला घे, आणि उरलेल्या दोन वाचत राहा. त्या प्रबंधात नकोत.

किल्लारीपासून सुरुवात करू, कारण तुझ्या आराखड्यात तिचं नाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा भारतीय मानकाच्या नकाशात हा भाग पहिल्या क्षेत्रात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आधीच्या वर्षी तिथे लहान धक्के जाणवले होते, तरी नकाशा तसाच होता. २००२ च्या सुधारित नकाशात पहिलं क्षेत्रच राहिलं नाही आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. यात गणिताचा मुद्दा आहे: शेकडो-हजारो वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट थोड्या वर्षांच्या नोंदीत दिसली नाही, तर ती घडत नाही असं म्हणता येत नाही. पाऊस, पूर, दुष्काळ, साथ, यांपैकी कशावरही काम केलंस तरी पहिल्या प्रकरणात नोंद किती वर्षांची आहे ते लिही.

तिथल्या जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट जाड. बाहेरचा आणि आतला असे दोन थर, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीत. वर माळवदाचा मातीचा भार. हादऱ्यात दोन थर एकमेकांपासून सुटले, भर खाली बसली आणि माळवद अंगावर आलं. तू या भिंतीचं एक-चतुर्थांश मापाचं प्रारूप करून कंपनमंचावर हलवणार आहेस. इथे फार जण फसतात. लांबी चौथाई केली की क्षेत्रफळ सोळावा भाग होतं आणि वजन चौसष्टावा. म्हणजे तेच दगड, तीच माती वापरली तरी स्वतःच्या वजनाने पडणारा ताण मूळ भिंतीच्या चौथाईच राहतो. प्रारूप त्यामुळे खऱ्या भिंतीपेक्षा दणकट वागतं, आणि तू लिहून बसतेस की भिंत टिकली. वरून जादा वजन द्यावं लागतं, ते किती आणि कुठे दिलं याचा तक्ता प्रबंधात हवा. मातीसुद्धा गावच्या पांढरीतली घे, काळी नको, कारण काळी माती ओलीत फुगते आणि वाळली की भेगाळते. ती कोणत्या गावची आणि चाचणीच्या दिवशी तिच्यात किती टक्के ओल होती, ते दोन्ही वहीत लिहून ठेव.

आता वैद्यक. ऊसतोड करणाऱ्या बायकांमधला रक्तक्षय हा तुझा दुसरा विषय आहे. यावर सविस्तर लिहितो, कारण इथल्या चुकीचं ओझं जिवंत माणसांवर पडतं.

नमुना किती घ्यायचा ते आधी काढ. रक्तक्षयाचं प्रमाण माहीत नसेल तर निम्मं, म्हणजे ०.५ धरतात. ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ हा आकडा घेतात आणि ५ टक्के चुकीची मुभा म्हणजे ०.०५. १.९६ चा वर्ग ३.८४१६, त्याला ०.५ ने दोनदा गुण आणि ०.०५ च्या वर्गाने भाग. ३८४.१६ येतं, म्हणजे ३८५. पण हा आकडा सगळ्या बायका चिठ्ठ्या टाकून निवडल्या तरच चालतो. तू गावं निवडून त्यांतल्या बायका घेणार, आणि एका गावातल्या बायकांचं पाणी, खाणं, दवाखाना सारखाच असतो. त्यांच्याकडून मिळणारी माहिती तितकी स्वतंत्र नसते, म्हणून नमुना साधारण दुप्पट करावा लागतो: ७७०. दहा टक्के बायका नकार देतील असं धरलं तर ७७० मध्ये त्याचे दहा टक्के मिळवायचे नाहीत, ०.९ ने भागायचं. ८५६ येतात. मिळवलेस तर ८४७ वर थांबतेस आणि शेवटी नमुना कमी पडतो.

यापेक्षा मोठी चूक तारखेची असते. तुझ्या वेळापत्रकात गावोगावचं सर्वेक्षण डिसेंबर-जानेवारीत आहे. त्या वेळी गळीत हंगाम भरात असतो. कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दिवाळीच्या आसपास निघतो आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परततो. बीड किंवा धारूरच्या तांड्यावर जानेवारीत तुला म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं भेटतील. ज्यांच्यावर अभ्यास करायचा त्याच बायका नमुन्यात नसतील, आणि गणिताचं कोणतंही सूत्र ही उणीव नंतर भरून काढत नाही. त्या परतल्यावर गावात जा, नाहीतर हंगामात थेट कारखान्याच्या फडावर जा. दोन्ही ठिकाणची आकडेवारी मात्र एकत्र मिसळू नकोस. फडावरची बाई थकलेली असते, तिला पाणी कमी मिळालेलं असतं, आणि शरीरात पाणी कमी असलं की रक्तातलं हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

मुलाखतीच्या वेळी मुकादम, म्हणजे उचल देऊन टोळी नेणारा माणूस, जवळ नको. तो बसला असेल तर बाई त्याला हवं तेच उत्तर देते. संमतीपत्र मराठीत हवंच, पण तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी सहायक बरोबर घे. वाचता न येणाऱ्या बाईला मजकूर तोंडी समजावून सांग आणि तिच्या अंगठ्याबरोबर साक्षीदाराची सही घे. आणि हे सगळं आचारसमितीच्या, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीच्या, मंजुरीनंतर. आधी रक्त घेतलं आणि मंजुरी मागाहून आणली, असं चालत नाही. असा अभ्यास चांगलं नियतकालिक छापत नाही, आणि छापूही नये. ज्या बाईचं हिमोग्लोबिन फार कमी निघेल तिला त्याच दिवशी कोणत्या दवाखान्यात पाठवणार, हे त्या अर्जातच लिही. आकडा लिहून घेऊन पुढच्या घरी जाणं बरोबर नाही.

मोजमापाचंही ऐक. बोटाला सुई टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाक आणि बोट पिळू नको. पिळलं की ऊतकांतलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा खाली येतो. जमेल तिथे शिरेतलं रक्तच घे. गरोदर नसलेल्या प्रौढ बाईसाठी सीमा डेसिलिटरला १२ ग्रॅमची आहे. यंत्र अर्ध्या ग्रॅमने कमी दाखवत असेल तर १२ ते १२.४ मधल्या सगळ्या बायका तुझ्या तक्त्यात आजारी ठरतात. रोज सकाळी प्रमाण द्रवावर, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे अशा द्रवावर, यंत्र तपास आणि तो आकडा तारखेसह लिही. यंत्राची चूक किती ते मोजायची अभियंत्यांची सवय इथे खरी उपयोगी पडते. तुझ्या दोन शाखांची गाठ मला या जागी पटते.

विश्लेषणात वीस गोष्टींचा रक्तक्षयाशी संबंध तपासणार आहेस. प्रत्येक वेळी ५ टक्के चुकीची मुभा ठेवली, तर खरा संबंध एकही नसताना किमान एक ‘संबंध’ सापडण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मुख्य प्रश्न एकच ठेव आणि तो माहिती गोळा करण्याआधी तारीख घालून लिही. न मिळालेल्या वयाच्या जागी ९९ टाकू नको, रकाना रिकामा ठेव. ९९ तसेच राहिले की सरासरी वय फुगतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचं.

शुद्ध गणिताबद्दल थोडंच. तिथे उदाहरणांनी काहीच सिद्ध होत नाही. १९१९ मध्ये गणितज्ञ पोल्या यांनी मांडलेलं एक अनुमान कोट्यवधी संख्यांपर्यंत खरं ठरत गेलं. ते जिथे पहिल्यांदा मोडतं ती संख्या आहे ९०,६१,५०,२५७. संगणकावर लाखभर उदाहरणं तपासून ‘प्रमेय’ हा शब्द वापरू नकोस, ‘निरीक्षण’ म्हण.

आंतरराष्ट्रीय संबंधांत प्रयोग पुन्हा करता येत नाही, तिथे कागदांना कागदांसमोर ठेवावं लागतं. हैदराबादचा प्रश्न घे. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली, १६ ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची तक्रार आली, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. आपल्याकडे सतरा सप्टेंबर सगळ्यांना पाठ, पण सोळाच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलेले थोडेच. ते संयुक्त राष्ट्रांच्या ग्रंथालयात खुलं आहे. त्याच्यासमोर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले आणि हैदराबादच्या अभिलेखागारातले कागद ठेव. प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचार: कोणी लिहिला, कोणासाठी, आणि त्या तारखेला त्याला काय ठाऊक होतं? निजामाच्या कारभाराची भाषा उर्दू होती, म्हणून लिपी शिकावी लागेल. तारखा फसली सनात, म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेत, असतात. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवायचे: १३५७ म्हणजे १९४७-४८. तिथलं वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. या एका आकड्याने घटनांचा क्रम उलटा होऊ शकतो.

छापण्याची घाई करू नको. पैसे घेऊन चार दिवसांत लेख स्वीकारणाऱ्या नियतकालिकाने तो वाचलेला नसतो. आयएसएसएन क्रमांक ही फक्त नोंदणी आहे, दर्जाची खूण नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण यंत्र फक्त जुळणारे शब्द मोजतं. दुसऱ्याचा विचार नाव न देता घेतला तर टक्केवारी शून्य आली तरी ती चोरीच. विषय पक्का करण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, आपल्या विद्यापीठांतले या विषयावरचे प्रबंध काढून वाच, विशेषतः त्यांची मर्यादांची पानं.

माझं मत विचारशील तर वैद्यक घरचं धर आणि मोजमापाचं शास्त्र मदतीला घे. भिंतीचं काम कंपनमंच असलेल्या संस्थेतल्या कुणासाठी सोड. हैदराबादवर स्वतंत्र लेख लिही, तो प्रबंधात नको. पुढच्या पत्रात एकच ओळ पाठव: कोणत्या बायका, कोणते तालुके, कोणते महिने, काय मोजणार, कशाशी तुलना करणार. ती ओळ जमली की आचारसमितीचा अर्ज दिवाळीआधी दे, म्हणजे कोयते परत येतील तेव्हा मंजुरी तुझ्या हातात असेल.