पहिल्या उन्हाळी शर्यतीआधी

मे महिन्यात कार शर्यतीसाठी चेन्नईच्या ट्रॅकवर उतरणार आहेस ना? मग तयारी इथेच, मुंबईत सुरू कर. १० ते १४ दिवस रोज दुपारी चारला शिवाजी पार्कला धाव, आधी थोडं, मग वाढवत. अंगाला उष्म्याची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच.

नोमेक्सच्या, म्हणजे आगीला दाद न देणाऱ्या कापडाच्या, सूटमध्ये घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. म्हणून जमलं तर कूल शर्ट घेच. त्याच्या नळ्यांतून बर्फाचं पाणी फिरतं. गाडीत बसेपर्यंत सूट कमरेपर्यंतच चढव. उकडतं म्हणून आतला नोमेक्सचा बनियन मात्र काढू नकोस, आगीत तोच वाचवतो. आदल्या दिवसापासून ओआरएस पी.

भर उन्हात अंगावर काटा आला किंवा गरगरलं, तर लगेच पिटमध्ये, ट्रॅकच्या कडेला आपली टीम असते तिथे, ये. शर्यत गेली तरी चालेल, बाळा.