स्पेस इन्व्हेडर्स शिकताना
स्पेस इन्व्हेडर्स या परग्रही शत्रूंवर गोळ्या झाडण्याच्या व्हिडिओ गेममध्ये आपली एका वेळी एकच गोळी पडद्यावर असू शकते, त्यामुळे नेम चुकला की ती वरपर्यंत जाईस्तोवर हात बांधलेलेच राहतात. म्हणून बटण दाबत सुटू नका. 11 च्या 5 रांगांत उभ्या असलेल्या 55 शत्रूंपैकी कडेचे स्तंभ आधी साफ करावेत, कारण फळी अरुंद झाली की तिला कडेपर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो आणि ती खालीही उशिरा उतरते. शत्रू घटतात तसा त्यांचा वेग वाढतो, याचे मूळ यंत्रातच आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी 1978 मध्ये जपानच्या ताइतो कंपनीसाठी हा खेळ घडवला, तेव्हा त्यातील इंटेल 8080 प्रोसेसरवर एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, एकच शत्रू हलवला जाई, साहजिकच उरलेल्यांची पाळी लवकर येई. निशिकादोंनी ही मर्यादा तशीच राहू दिली, आणि माझ्या मते खेळाचा खरा थरार तिच्यातच आहे. अधूनमधून पडद्याच्या वरच्या भागातून जाणाऱ्या उडत्या तबकडीसाठी मात्र गोळ्या मोजायला शिका: 23 वी आणि त्यानंतरची प्रत्येक 15 वी गोळी तिला लागली, तर 300 गुण मिळतात.